चिमट्याची बरणी

आमच्या रुग्णालयात माझ्यामागे मला ‘सोवळी सिस्टर’ म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. ऑपरेशन थिएटरच्या, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या ओटीच्या, दारात कोणी चपलेसकट उभा दिसला की मी नुसती बघायचे. तो चपला काढून वर पायही पुसायचा. हाडांचे डॉक्टरसुद्धा हात धुताना मधूनच माझ्याकडे चोरून बघत, पुरेसे धुतले का म्हणून. मला हे फार आवडायचं. या अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा, असा संपादकांचा फोन आला तेव्हा एकच आठवण समोर आली आणि मी चार दिवस ‘जमणार नाही’ म्हणत राहिले. शेवटी लिहायला बसले आहे.

नोकरी कधी लागली, बढती कधी मिळाली, हे सांगत बसत नाही. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी जव्हारमध्ये एका ट्रस्टच्या पंचवीस खाटांच्या रुग्णालयात ओटी आणि ड्रेसिंगची खोली सांभाळत होते. ते रुग्णालय आता बंद झालं आहे, नाव सांगून काही उपयोग नाही. नाशिकहून हाडांचे डॉक्टर महिन्यातून दोन शनिवार यायचे, अडीनडीला मधल्या वारीही. खुबा मोडलेल्या माणसाच्या मांडीच्या हाडाचं वरचं डोकं काढायचं आणि त्या जागी दांडीवर बसवलेला स्टीलचा गोळा ठोकायचा, हे ऑपरेशन त्यांनी आमच्याकडे सुरू केलं. त्याआधी खुबा मोडला की माणूस खाटेला लागायचा आणि पाठीला जखमा होऊन जायचा. त्यामुळे या गोळ्याचं आम्हाला भारी कौतुक होतं. जामसरच्या एका म्हाताऱ्यानं ऑपरेशन झाल्यावर विचारलं होतं, अंगात लोखंड आहे तर पावसात वीज माझ्यावर पडेल का? पुढचे दोन पावसाळे तो गडगडायला लागलं की घराबाहेर पडत नसे. जव्हारच्या एका शिंप्यानं विचारलं, “सिस्टर, इस गोले की गॅरंटी कितने साल की?” मी म्हटलं, “चाचा, तुमच्यापेक्षा जास्त.” आम्ही सगळे हसलो होतो.

आता बरणीबद्दल सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ओटीतली हत्यारं वाफेवर शिजवून निर्जंतुक करतात. त्यांना नुसत्या हातानं शिवायचं नसतं. डब्यातून ती उचलून द्यायला एक लांब चिमटा असतो आणि तो चिमटा जंतुनाशकाच्या पाण्यात, एका उंच बरणीत, उभा बुडवून ठेवलेला असतो. ओटीत एक बरणी, ड्रेसिंगच्या खोलीत एक. रोज सकाळी बरणी रिकामी करायची, तीही वाफेवर शिजवायची, मग ताजं पाणी भरायचं, असं मला नर्सिंगच्या शाळेत शिकवलं होतं. शिकवलं होतं, हे मी मुद्दाम लिहिते आहे.

पण जव्हार-मोखाड्याचा पावसाळा पाहिलेल्या माणसाला खरं वाटत नाही, मार्च उलटला की इथे पाणी नसतं. पाड्यावरच्या बाया झऱ्याच्या खड्ड्यात उतरून वाटीवाटीनं हंडा भरतात. आमच्याकडेही टँकर यायचा. अशा दिवसांत उकळून गार केलेलं पाणी आणि त्यातलं औषध रोज सकाळी मोरीत ओतून द्यायचं, हे माझ्याच्यानं होईना. मग मी त्यावर तोड काढली. बरणीवर लाल रंगानं रेघ मारली. सकाळी पाणी रेघेखाली गेलेलं दिसलं की तेवढी भर घालायची. एका उन्हाळ्यापुरतं म्हणून सुरू केलं आणि पाऊस आला तरी तसंच राहिलं. ट्रस्टच्या लोकांना मी ते अभिमानानं दाखवायचे: आमची बरणी कधी रेघेखाली जात नाही.

आमच्या वॉर्डात हमीदाबी नावाच्या आया होत्या, जव्हारच्याच. एकदा त्यांनी ड्रेसिंगच्या खोलीतली बरणी उचलून मोरीकडे नेली. मी बघितलं आणि ओरडले. त्या म्हणाल्या, “सिस्टरबाई, आतून बुळबुळीत लागतंय. फेकून देते ना, नवं भरू.” मी त्यांना काय काय बोलले! मोखाड्यात लोकांना प्यायला पाणी नाही आणि तुम्हाला औषधाचं पाणी जड झालं का, जंतुनाशकात कधी जंतू होतात का, मला शिकवू नका. त्या बिचाऱ्यांनी बरणी जागेवर ठेवली.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मथीबाई आली. साखरशेतकडच्या एका पाड्यावरची, पन्नाशीची, विधवा, घरात एक मुलगी. जवळच्या आश्रमशाळेत ती स्वयंपाकीण होती. चुलीपुढच्या ओल्या फरशीवर भाताचं पातेलं उतरवताना पडली आणि खुबा मोडला. डॉक्टरांनी गोळा बसवला. हत्यारांच्या डब्यातून तो गोळा मीच उचलून दिला, त्याच चिमट्यानं.

तिच्या बोलीत सगळ्यांना ‘तू’च असतं, डॉक्टरांनाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, “बाय, मी चुलीपुढं उभी राहीन ना? तिकडं दोनशे पोरां हायेत. माझ्या हातची आमटी नाय मिलली तर जेवत नाय ती.” मी म्हटलं, राहशील, दिवाळीनंतर राहशील. तिला दुसरी कसली काळजीच नव्हती. मुलं जेवली असतील का, हेच चाललेलं. हेडमास्तरांनी तिची जागा ठेवतो म्हणून निरोप पाठवला होता, तो ती वॉर्डात प्रत्येकाला दोनदोनदा सांगायची.

बाराव्या दिवशी टाके ओले दिसले. पंधराव्या दिवशी पट्टी हिरवी झाली. ही हिरवी पट्टी आणि तिचा तो गोडसर वास नर्सला ओळखीचा असतो. महिन्याभरात जखम वरून मिटली, पण एका बारीक भोकातून पू येतच राहिला.

साध्या जखमेत पू झाला तर आपलं रक्त तिथे पोचतं, औषध पोचतं, बहुतेक वेळा भागतं. धातूत रक्त जात नाही. जंतू त्यावर बसतात आणि आपल्याभोवती चिकट थर धरतात, न घासलेल्या रांजणाला आतून धरतो तसा. मग इंजेक्शनं द्या, गोळ्या द्या, ताप उतरतो, पू थांबल्यासारखा वाटतो, औषध बंद केलं की परत येतो. आणि तिथे बसायला मूठभर जंतू लागत नाहीत. जे थोडे जंतू हर्नियाच्या टाक्यांत सहज मरून जातील, तेवढेच गोळ्यावर पडले की पाय घेऊन जातात.

हे सगळं मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं ते एवढंच, की जंतू आले कुठून. आणि मला वाटत होतं की तेही मला माहीत आहे. एके दिवशी मथीबाई पट्टीची कड उचलून बोटानं चाचपताना मला दिसली. झालं! मला गुन्हेगार सापडला. मी तिचे हात उलटेसुलटे करून बघितले. नखांत माती होती. घरी जमीन शेणानं सारवता ना, शेळ्या घरातच बांधता ना, असं सगळं भर वॉर्डात विचारलं. ती खाली मान घालून ‘हां’ म्हणत राहिली. मग मी म्हटलं, “तुझ्या घाणेरड्या हातांनी डॉक्टरांच्या कामाची माती केलीस.” हे वाक्य मी एकदा बोलून थांबले असते तरी चाललं असतं. रोज ड्रेसिंग करताना, बरणीतल्या चिमट्यानं कापूस उचलता उचलता, मी ते वेगवेगळ्या तऱ्हेनं बोलत राहिले. तिची गरोदर मुलगी पाहुण्यासारखी दारात उभी राहून ऐकायची.

डॉक्टरांनी सांधा एकदा उघडून धुतला. उपयोग झाला नाही. मग त्यांनी सगळी औषधं दोन आठवडे बंद केली. ती बंद केली नाहीत तर नमुन्यात जंतू अर्धमेले होतात आणि तपासणीत काहीच उगवत नाही. तेवढे दिवस ती तापानं फणफणली, आम्ही बघत राहिलो. मग सुईनं सांध्यातलं पाणी काढलं आणि बाटली नाशिकच्या एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती दिली. तो बिचारा ती शेवटपर्यंत मांडीजवळ धरून गेला.

पाचव्या दिवशी लॅबच्या बाईंचा फोन आला. त्यांनी जंतूचं नाव सांगितलं, स्यूडोमोनास. मी म्हटलं, “असणारच. शेणाची घरं, बोटं घालतात जखमेत.” त्या म्हणाल्या, “सिस्टर, हा ओलाव्यातला जंतू आहे. हॉस्पिटलात असा सापडला की आधी आपल्याच ओल्या वस्तू तपासायच्या. नळ, बादल्या, मोरी, औषधांची पातळ द्रावणं. प्रत्येकाचा थोडा थोडा नमुना पाठवा.”

मला राग आला. तरी नमुने भरले. नळ, टाकी, पुसण्याची बादली, मोरी. आणि कोणी काही राहिलं म्हणू नये म्हणून दोन्ही बरण्यांतलं पाणीही भरलं. खरं सांगते, बरणीची बाटली भरताना मला हसू येत होतं.

चिठ्ठी आली तेव्हा मी ओटीत कपाट लावत होते. नळ स्वच्छ. टाकी स्वच्छ. बादलीत दुसरेच किरकोळ जंतू. मोरीत स्यूडोमोनास थोडा. आणि ‘चिमट्याची बरणी, ओटी’ आणि ‘चिमट्याची बरणी, ड्रेसिंग’ या दोन्ही ओळींपुढे तोच जंतू, भरपूर, आणि औषधांना दाद देण्याची त्याची तऱ्हाही मथीबाईच्या सांध्यातल्या जंतूसारखीच. मी चिठ्ठी तीनदा वाचली. नावं उलटसुलट झाली असतील, असं वाटलं. मग मी बरणीतला चिमटा बाजूला ठेवला, पाणी एका भांड्यात ओतलं आणि आत बोट फिरवलं. बुळबुळीत लागलं. हमीदाबींनी सांगितलं होतं तसंच.

मी खाली फरशीवर बसले, ज्या फरशीवर मी कोणाला बसू दिलं नसतं. पातळ केलेलं औषध दिवसेंदिवस ठेवलं की त्याचा जोर जातो. त्यातूनही जगले ते जंतू तळाशी राहतात आणि मी रोज सकाळी त्यांच्यावर नवं पाणी घालत होते. त्या चिमट्यानं मी गोळा उचलला होता. त्याच चिमट्यानं दोन महिने रोज तिची जखम पुसली होती, आणि वर तिलाच घाण म्हटलं होतं. त्या वर्षातल्या ज्यांच्या ज्यांच्या जखमा उगाच लांबल्या, ती सगळी माणसं एकामागून एक डोळ्यांसमोर यायला लागली. एका बाळंतिणीचं तोंड तर अजून येतं.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी चिठ्ठी माझ्याकडून पुन्हा वाचून घेतली. मग म्हणाले, “दोन्ही बरण्या फोडून टाका. यापुढे चिमटा कोरडा ठेवायचा, रोज शिजवायचा.” ट्रस्टच्या लोकांनाही त्यांनीच कळवलं. तिथे असं ठरलं की झालं ते झालं, पेशंटला सांगून तिच्या मनाला त्रास कशाला. मला कोणी एक शब्द बोललं नाही, मेमो नाही, काही नाही. मला ते बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

पुढच्या शनिवारी डॉक्टरांनी मथीबाईचा गोळा काढला. दांडीवर पिवळट चिकट थर होता. मेलेलं सगळं खरवडून काढलं, औषध मिसळलेल्या सिमेंटचे मणी तारेत ओवून पोकळीत ठेवले, नंतर काढले. सहा आठवडे महागडी इंजेक्शनं. नवा गोळा बसवण्याचा धोका डॉक्टरांनी घेतला नाही. सांध्याशिवायच पाय ठेवला. असा पाय दोन इंच आखूड पडतो, काठी लागते, पण माणूस उकिडवं बसू शकतो, आपल्या पायानं फिरतो. पू मात्र कायमचा थांबला. ती सगळी इंजेक्शनं मी माझ्या हातानं दिली. निघताना ती म्हणाली, “बाय, तू मना वाचवलंस.” मी तिच्या पिशवीत कापूस भरत राहिले.

सांगायचं, सांगायचं, असं करत तीन महिने गेले. एप्रिल उजाडला. एका रविवारी सकाळी मी एसटीनं निघाले आणि आधी आश्रमशाळेत गेले. वाटलं, चुलीशी नाही तरी भाजी निवडायला बसलेली असेल. हेडमास्तर म्हणाले, “मथीबाई? तिनं काम सोडलं. आम्ही बसून करायचं काम देत होतो. पण ऐकेचना. म्हणाली, माझ्या हातांत घाण आहे, नर्सबाईनं सांगितलंय, माझ्या पायात पू झाला तसा पोरांच्या पोटात होईल. आम्ही हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. आता दुसरी बाई लागली.”

बरणीची चिठ्ठी वाचली तेव्हाही एवढी हादरले नव्हते. पायाचं नुकसान जंतूंनी केलं होतं, असं तरी म्हणता येत होतं. हे मी बोलून केलं होतं. पुढे मी हेडमास्तरांना सगळं लेखी दिलं. त्यांनी ते वाचलं, वाईट वाटलं म्हणाले आणि फायलीला लावलं. जागा भरलेली ती भरलेलीच राहिली.

शाळेपासून पाडा अर्ध्या तासाच्या चढावर. मथीबाई घराच्या ओट्यावर काठी जवळ घेऊन बसली होती. मला बघून तिला एवढा आनंद झाला की मला पळून जावंसं वाटलं. तिनं मुलीला हाक मारली, “बायला पानी दे. तूच दे, मी नाय हात लावत.”

मुलगी उठायच्या आधीच मी बोलून टाकलं. बरणी काय असते ते सांगितलं, रेघेचं सांगितलं, चिठ्ठीचं सांगितलं. “मथीबाई, तुझे हात घाण नव्हते. घाण माझ्या बरणीत होती. पाय माझ्यामुळे गेला.”

मुलगी दारात थांबली होती, ती आत गेली. मथीबाई म्हणाली, “कदी कलला तुला?”

“दिवाळीनंतर. गोळा काढायच्या आधी.”

“मंग मी तठं होती ना. दीड महिना होती. तू रोज सुई मारायला यायचीस.” ती बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं करत थांबली. “तवा नाय सांगितलास? मी घरी येऊन माझ्या नातवाला पन हात नाय लावला, बाय.”

मी रडायला लागले. तिनं मला गप्प बस म्हटलं नाही, जवळही घेतलं नाही. मुलीनं आतून लहान बाळ आणलं, तीनेक महिन्यांचं, मथीबाईच्या शेजारी घोंगडीवर ठेवलं आणि ती मागे सरली. मथीबाईनं आपले दोन्ही तळवे नीट बघितले. मग हळूच एक बोट बाळाच्या मुठीत दिलं आणि तशीच बसली.

नंतर ती काठीचा आधार घेऊन उठली. आखूड पाय टेकत आत गेली. मडक्यांच्या उतरंडीजवळ एक पितळी तांब्या होता, त्यात तळाला थोडं पाणी होतं. ते तिनं दाराशी येऊन मिरचीच्या रोपावर ओतलं. तांब्या राखेनं आतून घासला, विसळला. ते पाणी तिच्या मुलीनं पहाटे उठून दीड मैलांवरच्या विहिरीतून आणलेलं होतं.

इतकं सगळं झाल्यावरही माझी जीभ वळवळलीच. “अगं, होतं ना त्यात. ओतलंस कशाला?”

“कालचं व्हतं,” ती म्हणाली. “त्यात नवं कशाला घालू?”

तिनं हंड्यातून तांब्या भरला आणि स्वतःच्या हातानं माझ्यापुढे धरला. मी दोन्ही हातांनी घेतला आणि सगळं पाणी प्यायले.